पोटाचे फोटो, स्वतःचे फोटो

प्रश्न विचारणारा मुलगा डोंबिवलीचा, वय 26. मुंबईच्या जे.जे. अप्लाइड आर्ट कॉलेजातून पदवी घेतली, दोन वर्षं एका जाहिरात-फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून काढली, आता स्वतंत्र व्हायचंय. तो लिहितो: "ताई, पाच-सात वर्षं फक्त कमर्शिअल करतो, पैसे साठवतो आणि मग फाइन आर्टकडे वळतो. हे बरोबर आहे का? बाबा म्हणतात, नोकरी धर. आणि कॅमेरा कुठला घेऊ?"

कॅमेऱ्याचं आधी उरकून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. हातात आहे तोच चालेल. चोवीस मेगापिक्सेलची फाइल साधारण 6000 बाय 4000 पिक्सेलची असते, म्हणजे 300 पीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) वीस बाय तेरा इंचांचा कडक प्रिंट निघतो. भिंतीवरचा फोटो माणूस नाक लावून बघत नाही, त्यामुळे 200 पीपीआयला तीस बाय वीससुद्धा छान दिसतो. होर्डिंगचं काम मिळालं तर मीडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, भाड्याने आण आणि ते भाडं कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लाव. मुंबईत दिव्यांपासून टिल्ट-शिफ्ट लेन्सपर्यंत सगळं दिवसाच्या भाड्याने मिळतं. विकत घ्यायचीच असेल तर एक चांगली लेन्स घे, आणि त्याआधी बोरा बाजारात दोन-तीन दुकानं फिर. कर्ज काढून कॅमेरा घेतलास की हप्त्यासाठी वाट्टेल ते काम घ्यावं लागेल. तसे फोटोग्राफर मी पाहिलेत. त्यांच्याकडे सगळी आयुधं आहेत, दाखवायला एक फोटो नाही.

आता मूळ मुद्दा. "आधी पैसे, मग कला" हा बेत माझ्या बॅचमधल्या निम्म्या लोकांनी केला होता. पैसे बहुतेकांनी कमावले. कलेकडे वळलेला मला एकच आठवतो, आणि तोही आता प्रामुख्याने लग्नाचे अल्बम करतो. दरवेळी आळशीपणाच नडतो असं नाही. सात वर्षं दुसऱ्याच्या ब्रीफवर, म्हणजे क्लायंटने सांगितलेलं, फोटो काढले की नजर ब्रीफ शोधायला लागते. रविवारी कॅमेरा घेऊन बाहेर पडतोस आणि कळतच नाही की कुणासाठी काढायचं. तेव्हा दोन्ही पहिल्या महिन्यापासून कर. स्वतःचं काम आठवड्यात दोन तास असेल तरी चालेल, पण ते आजपासून हवं.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचं उदाहरण घे. वर्तमानपत्रातली नोकरी सांभाळून त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जिणं वर्षानुवर्षं टिपलं. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण ते काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. गौतम राजाध्यक्ष बरीच वर्षं जाहिरात संस्थेत होते आणि तिथूनच पोर्ट्रेटकडे आले. आणि मित्तर बेदी! कारखाने, पाइपलाइनी, चिमण्या, सगळं कंपन्यांच्या ऑर्डरवर काढलेलं. आज तेच फोटो आर्ट गॅलरीत लागतात. 1985 साली ते गेले, तेव्हा त्यातल्या किती फ्रेम्स "कला" म्हणून काढल्या होत्या हे कोण सांगणार? कमर्शिअल आणि फाइन आर्ट यांच्यातली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही. पण एका ठिकाणी ती अगदी काँक्रीटची आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं. त्याकडे येतेच.

आधी कमर्शिअलचा धडा. असिस्टंट म्हणून तू दिवे उचललेस, केबली गुंडाळल्यास, तेव्हा सेटवरचं तुला माहीत आहे. सेटवर दिसत नाही ते सांगते. 1996 साली मी ज्यांच्याकडे असिस्टंट होते, त्यांच्याकडे थंड पेयाचं एक शूट होतं. फोर बाय फाइव्ह, म्हणजे चार बाय पाच इंचांच्या फिल्मचा कॅमेरा, काळं कापड डोक्यावर घेतलं की मागच्या काचेवर बाटली उलटी दिसायची. बाटलीवरचे थेंब पाणी आणि ग्लिसरीन मिसळून स्प्रेने मारलेले, म्हणजे तासभर ओघळत नाहीत. बर्फ अ‍ॅक्रिलिकचा. बाटलीच्या मागे, तिच्याच आकाराला नेमका कापलेला चांदीचा कागद, पेयातून उजेड यावा म्हणून. दोन्ही बाजूंना थर्माकोल. तीन तास लायटिंग चाललं. पोलरॉइड, म्हणजे टेस्टसाठीचा झटपट फोटो, काढला, आर्ट डायरेक्टरने बघितला, म्हणाला, "थेंब जरा जास्त प्रामाणिक दिसतायत." सगळे हसले. सरांनी मात्र शांतपणे खालचे चार मोठे थेंब इअरबडने टिपून घेतले आणि दुसरा पोलरॉइड काढला. तो पास झाला. "प्रामाणिक" या शब्दाचा अर्थ "मोठे" असा आहे, हे त्यांना कसं कळलं, ते त्या वेळी मला समजलं नाही. क्लायंट बोलतो एक आणि त्याला दिसत असतं दुसरंच. ते दुसरं ओळखण्याचे पैसे मिळतात या धंद्यात. लायटिंग काय, वर्षभरात कुणीही शिकतो.

पांढऱ्या बॅकग्राउंडवर चपला-कुर्त्यांचे कॅटलॉग काढायची कामं सुरुवातीला मिळतील, घे. पण त्यावर घर उभं करू नकोस. ती कामं आता संगणक काही मिनिटांत उरकतो आणि दर वर्षी जास्त सफाईने उरकतो. कारखान्यात जाऊन भट्टीसमोर उभ्या माणसाचा फोटो मात्र कुणीतरी तिथे जाऊनच काढावा लागतो. आर्किटेक्चर, इंडस्ट्री, माणसं, खरं शिजलेलं अन्न, या बाजूला राहा.

पैशांचं सांगते, कारण बाबांचा प्रश्न खरा तोच आहे. बाबांना सांग की हा धंदा आहे आणि मी तो धंद्यासारखा करणार आहे. त्यांना "पॅशन" वगैरे ऐकवू नकोस, वही दाखव. कोटेशनमध्ये "फोटोशूट, 40,000 रुपये" अशी एक ओळ लिहून पाठवलीस तर तू संपलास. फी वेगळी. असिस्टंट, दिवे, स्टुडिओ, टेम्पो, जेवण वेगळं. रीटचिंग फोटोमागे, आणि किती वेळा दुरुस्ती करून देणार तेही. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे गेल्यावर सक्तीची होते. नोंदणी झाली की 18 टक्के वरून लागेल, तोही वेगळा दाखव, नाहीतर क्लायंट "सगळं धरून ना?" म्हणतो आणि तू मान हलवतोस. निम्मे पैसे शूटच्या आधी. एवढं करूनही पैसे अडकतात. एका एजन्सीने मला चौदा महिने खेळवलं. दर वेळी "अकाउंट्सला पाठवलंय". अकाउंट्स म्हणजे त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर बसलेला माणूस.

यावर माझ्या सीएने एक काम करून घेतलं, ते तू पहिल्याच महिन्यात कर: उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी. फुकट आहे, ऑनलाइन होते. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार तुझ्यासारख्या नोंदणीकृत सेवा देणाऱ्याला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. ते व्याज मागायची हिंमत कुणाला असते म्हणा! पण 1 एप्रिल 2024 पासून सुरू झालेल्या कर-आकारणी वर्षापासून आणखी एक गोष्ट झाली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक ठळक छाप. मार्च महिन्यात त्या एका ओळीने माझे फोन वाचवलेत.

आता ती काँक्रीटची भिंत.

1999 साली एका कापड गिरणीच्या वार्षिक अहवालाचं काम मला मिळालं. स्वतंत्र झाल्यावरचं माझं पहिलं मोठं काम. मी परळची. माझे आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गिरण्यांच्या संपानंतर ते पुन्हा आत गेलेच नाहीत. लहानपणी गेटबाहेरून भोंगा ऐकला होता, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. चार दिवस मला आत सोडलं. कापसाची भुरी हवेत इतकी, की खिडकीतून येणारा उजेड हाताने धरता येईल असा वाटायचा. स्पिनिंग खात्यात एक आजोबांच्या वयाचे कामगार होते, त्यांनी धागा तुटल्यावर तो न बघता, बोलता बोलता सांधला. मी म्हटलं, काका, परत करा ना. ते म्हणाले, "परत तुटला तर करीन." मी पाऊण तास तिथेच ट्रायपॉड लावून बसले. तुटला. फ्रेम मिळाली.

अहवालात सहा फोटो छापले. त्यात ते काका नव्हते, चेअरमन होते.

त्या काळी ट्रान्स्परन्सी, म्हणजे स्लाइड फिल्म, हीच मूळ. निगेटिव्ह वगैरे काही मागे राहत नाही. मी सगळ्या, दोनशेच्या वर, पाकिटात घालून देऊन आले. पैसे व्हाउचरवर सही करून घेतले. काही वर्षांनी गिरणी बंद झाली, शेड पाडली, टॉवर आला. 2011 च्या सुमारास मला गिरणगावावर प्रदर्शन करायचं होतं. कंपनीला पत्र लिहिलं की ते फोटो वापरू द्या, शक्य असेल तर मूळ परत द्या. वकिलाकडून दोन ओळींचं उत्तर आलं: छायाचित्रांचे हक्क कंपनीकडे आहेत, परवानगी देता येत नाही. मूळ फिल्म कुठे आहे याचा उल्लेखच नव्हता. मला वाटतं, ऑफिस हलवताना रद्दीत गेली.

मी तणतणत माझ्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. फोटो मी काढला, मालक ते कसे? त्यांनी 1957 चा कॉपीराइट कायदा काढून कलम 17 दाखवलं. फोटोचा कर्ता, म्हणजे कायद्याच्या भाषेतला "ऑथर", तो काढणाराच असतो. पण कुणी मोबदला देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल, तर उलट करार नसल्यास त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. पेंटिंग आणि पोर्ट्रेटचंही तसंच. म्हणजे आपण गप्प बसलो तर कायदा क्लायंटच्या बाजूने बोलतो. इंटरनेटवर "शटर दाबलं त्याचा कॉपीराइट" असं जे वाचतोस, ते कमिशन केलेल्या कामाला आपल्याकडे लागू होत नाही.

त्याच कलमात सुटकाही आहे: "उलट करार नसल्यास". तेव्हा करार कर. माझ्या कोटेशनच्या तळाशी आता तीन वाक्यं असतात. छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकाला अमुक माध्यमात, अमुक मुदतीसाठी, भारतात वापरण्याचा परवाना आहे. छायाचित्रकाराला स्वतःचं काम म्हणून प्रदर्शन, पुस्तक आणि पोर्टफोलिओत ती वापरता येतील. कोटेशन मेलने पाठवते आणि "मान्य" असं उत्तर आल्याशिवाय टेम्पो बोलावत नाही. पुढे त्यांची पर्चेस ऑर्डर येते, तिच्या मागे बारीक अक्षरात "ऑल राइट्स" छापलेलं असतं. ते वाच. खोडून सही कर किंवा मेलवर हरकत नोंदव. दहातले सहा लोक काही बोलत नाहीत. तिघं म्हणतात, आम्हाला बायआउटच हवा, म्हणजे सगळे हक्क विकत. मग त्याचे वेगळे पैसे सांग, आणि "प्रदर्शनाचा हक्क माझा" एवढं तरी राखून ठेव. उरलेला एक काम काढून घेतो. जाऊ दे त्याला. नंतर कधी हक्क लिहून द्यायची वेळ आली तर तेही लेखीच लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

नाव मात्र तुझं राहतं. कॉपीराइट दिला तरी कर्ता म्हणून नाव सांगायचा हक्क कलम 57 खाली शाबूत असतो. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, जे.जे.च्याच विद्यार्थिनी, त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. तेव्हा क्रेडिटची ओळ मागायला लाजू नकोस.

स्वतःच्या पैशाने, कुणी न सांगता काढलेला फोटो मात्र पूर्ण तुझा. म्हणून म्हणते, पहिल्या महिन्यापासून स्वतःचं काम कर. मी 2012 पासून चाळींचे जिने काढते. फक्त जिने. लालबाग, परळ, काळाचौकी. सकाळी साडेसहा ते आठ, कारण तेव्हा उजेड जिन्याच्या वळणापर्यंत चढतो आणि दूधवाला सोडला तर गर्दी नसते. लाकडी कठडा कुठे झिजलाय त्यावरून कळतं की वर राहणारी माणसं कुठल्या पायरीला दम घेतात. आधी चहा प्यायचा, चार घरं ओळखीची करायची, मग कॅमेरा काढायचा. माणसाचा चेहरा येणार असेल तर तोंडी हो पुरत नाही, सही घे. आणि फोटो छापून परत नेऊन दे. त्याशिवाय दुसऱ्या चाळीचं दार उघडत नाही.

असे चाळीस-पन्नास फोटो जमले की त्यातले बारा काढ. इथे मित्रांचं ऐकू नकोस, चित्रकार किंवा लेखक असलेल्या कुणाला तरी दाखव. फोटोग्राफर शार्पनेसबद्दल बोलतात.

प्रिंट कापसाच्या कागदावर, पिगमेंट शाईत. साधारण 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) मॅट कागद मी वापरते. आवृत्ती आधी ठरव, म्हणजे एका आकारात सात प्रिंट आणि दोन आर्टिस्ट प्रूफ (कलाकाराने स्वतःसाठी ठेवायच्या प्रती), आणि मग आठवा काढायचा नाही. आत्याने मागितला तरी नाही. मागे पेन्सिलने सही, क्रमांक, साल. सोबत प्रमाणपत्र, आणि कुठला क्रमांक कुणाकडे गेला त्याची वही. गॅलरी साधारण निम्मी किंमत घेते. ऐकून राग येतो, पण ग्राहक तिचा असतो, भिंत तिची असते. फ्रेमिंगचा खर्च कोण करणार ते मात्र आधी विचार.

दाखवायचं कुठे? जहांगीर आर्ट गॅलरीच्या मुख्य दालनांसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, अर्ज आजच टाकून विसरून जा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए कला केंद्रातली पिरामल गॅलरी फोटोग्राफीसाठीच ओळखली जाते, तिथली प्रदर्शनं चुकवू नकोस. कुलाबा आणि फोर्टमधल्या खासगी गॅलऱ्यांत पोर्टफोलिओ बगलेत मारून थेट जाऊ नकोस. आधी सहा महिने त्यांच्या उद्घाटनांना जा, काय लावतात ते बघ. नुसता चहा-वडा खाऊन आलास तरी चालेल, तिथे लोक चेहरा लक्षात ठेवतात. पहिली पाच वर्षं प्रिंट विकून घरभाडं निघेल असं धरू नकोस. माझं अजूनही निघत नाही, मोठा वाटा कारखान्यांच्या कामाचाच आहे. पण आता ती कामं मला जिने पाहून मिळतात. मागच्या वर्षी एका आर्किटेक्टने बोलावलं ते एका कठड्याच्या फोटोमुळे.

शेवटचं एक, मुंबईत राहतोस म्हणून. जुलैत इथली हवा लेन्स खाते. कपाटात ठेवलेल्या लेन्सला दोन पावसाळ्यांत आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती साफ करायला दिली की कधी कधी कोटिंगही जातं. ड्राय कॅबिनेट घे, 40 ते 50 टक्के आर्द्रतेवर ठेव. परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर सुकवलेलं. प्रिंट काचेला चिकटवून कधी फ्रेम करू नकोस. मधे माउंटचं अंतर हवं, नाहीतर श्रावणात तो काचेचाच होऊन जातो. हार्ड डिस्क दोन, त्यातली एक दुसऱ्या घरात.

माझ्या ड्राय कॅबिनेटमध्ये खालच्या कप्प्यात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. गिरणीच्या त्या चार दिवसांचे पोलरॉइड, टेस्टसाठी काढलेले आणि मी खिशात घालून घरी आणलेले. एकोणीस आहेत. कडा पिवळ्या पडल्यात, तीन पोलरॉइडवरचं चित्र जवळजवळ गेलंय. एकात ते काका धागा सांधतायत, जरा हललेले. वकीलबाई म्हणतात, भिंतीवर लावू नकोस, वाद होईल. घरात कुणी बघितले तर त्याला वाद नाही. येत्या रविवारी नऊनंतर ये, तोवर मी जिन्यांवरून परतलेली असते. तुझे बारा फोटो आण, छापलेले. फोनवर दाखवू नकोस.